दाखल न होता उपचार: व्यसन आणि मानसिक आजारासाठी ओपीडी कशी निवडायची, खर्च कसा भागवायचा

फोन लावला की बहुतेक नातेवाईक पहिला प्रश्न एकच विचारतात, "एकूण किती खर्च येईल?" प्रश्न रास्त आहे. पण रुग्ण काय घेतो, किती वर्षं घेतो, झोप कशी आहे, आधी कधी फिट आली होती का, यातलं फोनवरच्या माणसाला काहीच ठाऊक नसतं. म्हणून 'एवढे भरा, एवढ्या दिवसांत सोडवून देतो' असा ठोक आकडा लगेच सांगणाऱ्या जागेपासून जरा जपूनच राहावं.

दाखल न होता, घरी राहून, कामधंदा शक्य तितका सांभाळून उपचार घ्यायचे असतील तर कुठून सुरुवात करायची आणि पैशाचं काय करायचं, ते इथे क्रमाने सांगतो. पैशाबद्दल एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात ठेवा: हिशोब पहिल्या महिन्याचा करू नका, सहाव्या महिन्यापर्यंतचा करा. पहिल्या महिन्यात सगळं घर धास्तावलेलं असतं, पैसे कुठून तरी उभे राहतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात रुग्ण बरा दिसू लागतो, फी डोळ्यांत खुपायला लागते आणि भेटी एकेक करून गळतात. उपचार तुटतात ते बहुधा इथे.

पायरी पहिली: ओपीडी पुरेल का, हे आधी ठरवा

हे ठरवायचं काम डॉक्टरांचं. पण कोणत्या परिस्थितीत ओपीडीची वाट बघत बसायचं नाही, हे घरच्यांना माहीत हवं.

रोज भरपूर दारू पिणाऱ्याने 'उद्यापासून बंद' म्हणत एकदम सोडणं धोक्याचं असतं. शेवटच्या पेगनंतर साधारण 6 ते 24 तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, मळमळ आणि बेचैनी सुरू होते. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. 48 ते 96 तासांच्या दरम्यान काहींना डेलिरियम होतं: वेळकाळाचं भान सुटतं, नसलेली माणसं-किडे दिसतात, ताप चढतो, नाडी पळते. हे जिवावर बेतू शकतं. 'दोन दिवस कोंडून ठेवा, उतरेल आपोआप' हा सल्ला देणारे प्रत्येक घरात एक-दोन असतातच. त्यांचं ऐकू नका. महिनोन्महिने घेतलेल्या झोपेच्या किंवा घबराटीच्या बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्यांचंही तसंच. त्या एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते. डोस हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवावा लागतो.

हेरॉइन आणि त्याच्या जातकुळीतल्या ओपिऑइड पदार्थांचं गणित वेगळं आहे. सोडतानाचा त्रास भयंकर असतो. अंग मोडून येतं, जुलाब लागतात, रात्र सरत नाही. पण एरवी तब्येत बरी असलेला माणूस सहसा त्याने दगावत नाही. खरा धोका नंतरचा आहे. काही दिवस बंद ठेवलं की शरीराची सवय उतरते. मग तलफ आली म्हणून जुनाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो. अशा रुग्णाच्या घरी नॅलॉक्सोन हे उतारा म्हणून वापरायचं औषध ठेवता येईल का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

आधी फिट किंवा डेलिरियम होऊन गेलेलं, गरोदरपण, यकृताचा किंवा हृदयाचा मोठा आजार, घरात लक्ष ठेवायला कुणी नाही, कानात आवाज ऐकू येतात, आत्महत्येचे विचार येतात आणि कशी करायची तेही ठरवलंय: यातलं काही असेल तर बहुधा काही दिवस दाखल व्हावं लागतं. शेवटच्या बाबतीत अपॉइंटमेंट घेत बसू नका. थेट तातडीच्या विभागात न्या आणि तोवर माणसाला एकटं सोडू नका.

बाकी बऱ्याच जणांचं काम ओपीडीत होतं. तंबाखू आणि गांजाचं तर बहुतेक वेळा होतंच. दाखल झालेल्यांनाही सुटका झाल्यावर शेवटी ओपीडीतच यावं लागतं.

पायरी दुसरी: ओपीडी म्हणजे नेमकी कुठली

ओपीडी म्हटलं की पंधरा मिनिटांची भेट आणि चिठ्ठी, एवढंच चित्र असतं. प्रत्यक्षात तीन पातळ्या आहेत. पहिली साधी: आठवड्याला किंवा पंधरवड्याला एखादी भेट. दुसरी सघन ओपीडी. अमेरिकन सोसायटी ऑफ अ‍ॅडिक्शन मेडिसिनच्या वर्गवारीत तिथे प्रौढांना आठवड्याला किमान 9 तास द्यावे लागतात, त्यात गटसत्रं आणि वैयक्तिक समुपदेशन दोन्ही येतं. तिसरी दिवसाची, म्हणजे डे केअर, आठवड्याला 20 तास किंवा जास्त. रात्री मात्र घरी. पातळी वर गेली की खर्चही चढतो आणि नोकरीतून वेळ काढणंही कठीण होतं. तेव्हा 'आमच्या रुग्णाला दुसरी पातळी का हवी, पहिली का पुरणार नाही?' हे विचारायला संकोचू नका. चांगला डॉक्टर कारण सांगतो.

पायरी तिसरी: कुणाकडे जायचं

मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर. निदान आणि औषधं त्यांच्याकडे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि मानसोपचार-सत्रं घेतात, औषधं बहुतेक ठिकाणी लिहून देत नाहीत. समुपदेशक आणि समाजसेवक रोजच्या व्यवहारातलं बघतात: तलफ आली की काय करायचं, घरात भांडण कसं टाळायचं, मालकाशी काय बोलायचं. एकच माणूस सगळं करतो असं कुणी सांगितलं तर त्याची पात्रता आणि नोंदणी विचारून घ्या.

व्यसन आणि नैराश्य, घबराट किंवा बायपोलर (मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार) बरोबरच असणं फार सामान्य आहे. 'आधी दारू सोडून या, मग डिप्रेशनचं बघू' असं म्हणून परत पाठवणारी जागा टाळा. दोन्हीकडे एकाच वेळी, एकाच टीमने बघितलेलं बरं. मात्र यात एक बारकावा आहे. दारूमुळेच आलेली उदासी बऱ्याच जणांत दारू थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत ओसरते. म्हणून डॉक्टर म्हणाले की 'नैराश्याची गोळी लगेच नको, थोडं थांबून बघू', तर तो हलगर्जीपणा समजू नका. मधल्या काळात ते नियमित बोलावतात ना, एवढं बघा.

फोनवर विचारायचे प्रश्न मोजकेच आहेत. व्यसन आणि मानसिक आजार दोन्ही बघता का? पहिली अपॉइंटमेंट कधीची? संध्याकाळची किंवा सुट्टीच्या दिवशीची वेळ मिळते का? दर भेटीची फी वेगळी लागते की पॅकेज आहे? भेट चुकली तर पैसे लागतात का? आणि शेवटचा, ज्याच्या उत्तरावरून बरंच कळतं: रुग्ण मध्येच पुन्हा प्यायला तर तुम्ही काय करता? 'काढून टाकतो' असं उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी करा. आजाराचं लक्षण दिसलं म्हणून रुग्णालाच घालवून देण्यात कसला उपचार?

पायरी चौथी: पहिली भेट

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप एका पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा. जुने रिपोर्ट न्या. विमा असेल तर पॉलिसीची प्रत न्या.

तिथे एखादी प्रश्नावली भरून घेतील. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही 10 प्रश्नांची चाचणी बरीच वापरली जाते. गुण 0 ते 40, आणि 8 किंवा जास्त आले की पिणं धोक्याच्या पातळीवर समजतात. नैराश्यासाठी पीएचक्यू-9 असते, 9 प्रश्न आणि 27 गुण. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तो कोरा सोडू नका.

'किती घेता?' याला 'थोडी, रोज' हे उत्तर कामाचं नाही. बाटली केवढी, ती किती दिवस पुरते, सकाळी उठल्यावर पहिला घोट कधी लागतो, न घेतल्यास हात कापतात का, असं सांगा. पहिल्या आठवड्यात फिट टाळण्यासाठी किती औषध द्यायचं, हे डॉक्टर याच उत्तरांवरून ठरवतात. आकडा लाजेखातर निम्मा सांगितला तर औषध कमी पडेल. बायकोसमोर, आईवडिलांसमोर बोलणं जड जात असेल तर 'मला थोडा वेळ एकट्याने बोलायचंय' म्हणावं. डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बसवतात.

नातेवाइकांसाठी एक सूचना. रुग्णाला न सांगता जेवणात 'दारू सोडवायची गोळी' मिसळण्याचा मोह अनेकांना होतो. ती गोळी बहुधा डायसल्फिरम असते. ती पोटात असताना दारू घेतली की चेहरा तापतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. तिचा परिणाम शेवटच्या गोळीनंतरही 14 दिवसांपर्यंत राहू शकतो. रुग्णाला ठाऊकच नसेल तर तो पिणार, आणि हृदयाचा त्रास असेल तर मरूही शकतो. रुग्णाच्या संमतीने, रोज समोर बसून घेतली तरच या गोळीला अर्थ आहे.

पायरी पाचवी: औषधं किती दिवस

पैशाचा हिशोब याच्यावर अवलंबून आहे, म्हणून थोडं थांबून बघू. दारूची ओढ कमी करायला नॅल्ट्रेक्सोन किंवा अ‍ॅकॅम्प्रोसेट देतात. ओपिऑइडसाठी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन. 'एक नशा सोडून दुसरी लावली' असं लोक त्याबद्दल बोलतात, पण ठरलेल्या डोसवर माणूस कामावर जातो आणि ओव्हरडोसने मरण्याचा धोका घटतो. हे उपचार बहुतेकदा वर्ष किंवा त्याहून जास्त चालतात. नॅल्ट्रेक्सोन सुरू करण्याआधी ओपिऑइड 7 ते 10 दिवस पूर्ण बंद असावं लागतं, नाहीतर त्रास एकदम उसळतो.

नैराश्यविरोधी गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर तोंड कोरडं पडणं, मळमळ असले दुष्परिणाम आधी दिसतात, म्हणून पुष्कळ जण दहाव्या दिवशीच गोळी सोडून देतात. बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवायची असते. व्यसनाच्या उपचारांबाबत अमेरिकेतल्या अमली पदार्थांवरच्या राष्ट्रीय संस्थेचं (एनआयडीए) म्हणणं असं, की 90 दिवसांपेक्षा कमी काळ राहिलेल्यांना फार थोडा फायदा होतो.

पायरी सहावी: कागदावर हिशोब

एक कागद घ्या आणि सहा महिन्यांचा अंदाज मांडा. समजा पहिले तीन महिने समुपदेशन आठवड्याला एकदा, म्हणजे 12-13 सत्रं. पुढचे तीन महिने पंधरवड्याला, म्हणजे 6. डॉक्टरांच्या भेटी पहिल्या महिन्यात 3 आणि पुढे महिन्याला एक धरून एकूण 8. या आकड्यांना त्या जागेच्या फीने गुणा. वर गोळ्या, यकृताच्या आणि लघवीच्या चाचण्या, येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेला रोज. शेवटचे दोन लोक धरतच नाहीत, आणि घोडं नेमकं तिथेच अडतं.

आता हे पैसे कुठून येऊ शकतात ते बघू.

सरकारी रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या ओपीडीत फी नाममात्र असते किंवा नसतेच. रांग मोठी, डॉक्टर बदलत राहतात, पण औषधांच्या बाबतीत ती कुठे कमी नसतात. माझं मत विचाराल तर औषधोपचार सरकारीत आणि समुपदेशन बाहेर, ही जोडी अनेक घरांना परवडते. फक्त दोघांना एकमेकांचे कागद दाखवत राहा.

खासगीतही उत्पन्नानुसार फी कमी करणारे बरेच असतात, पण पाटी लावून कुणी सांगत नाही. 'माझं उत्पन्न एवढं आहे, यात काही बसवता येईल का?' असं सरळ विचारायचं. मोठ्या रुग्णालयात समाजसेवकाला भेटा. धर्मादाय निधी, सवलतीचे अर्ज त्याच्या टेबलावर असतात. प्रशिक्षण संस्थांमध्ये शिकाऊ मानसशास्त्रज्ञ वरिष्ठांच्या देखरेखीखाली कमी फीत सत्रं घेतात. ती कमअस्सल नसतात. उलट शिकाऊ माणूस वेळ जास्त देतो.

मोठ्या कंपन्यांमध्ये कर्मचाऱ्यांसाठी काही मोफत समुपदेशन सत्रं असतात. सत्रं मोजकी असली तरी सुरुवातीला कामी येतात. माहिती वरिष्ठांपर्यंत जाते का, हे पहिल्या सत्राआधी विचारून घ्या.

औषधं जेनेरिक नावाने लिहून मागा. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन 2005 पासून, तर नॅल्ट्रेक्सोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट 2023 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. म्हणून 'ही सरकारी साठ्यात मिळतात का?' हा प्रश्न अवाजवी नाही.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना 1935 पासून चालू आहे आणि तिच्या सभांना फी नसते. नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस अमली पदार्थ सोडू पाहणाऱ्यांसाठीची, 1953 ची, नातेवाइकांसाठीची अल-अनॉन 1951 ची. ही डॉक्टरची जागा घेत नाहीत, पण रात्री तलफ आली की फोन उचलणारं माणूस तिथे भेटतं.

विम्याचं मात्र सविस्तर बघायला हवं. पॉलिसी हातात घेऊन कंपनीला ईमेलवर विचारा, फोनवरच्या तोंडी होकाराला पुढे कुणी जुमानत नाही. ओपीडीचा खर्च मिळतो की फक्त दाखल झाल्यावरचा? मानसिक आजार समाविष्ट आहे का? दारू किंवा अमली पदार्थांमुळे झालेले उपचार अपवादांच्या यादीत आहेत का? वर्षाला किती सत्रं? आधी मंजुरी लागते का? वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर क्लेम करण्याआधी थांबायचा काळ, किती? ठराविक रकमेपर्यंतचा खर्च आधी स्वतः करावा लागत असेल तर तो डिडक्टिबल, आणि दर बिलातला आपला वाटा म्हणजे को-पे. दोन्ही आकडे आपल्या कागदावर उतरवा.

कायदा काही देशांत तुमच्या बाजूने आहे. अमेरिकेत 2008 च्या कायद्यानुसार, मानसिक आजार आणि व्यसनाच्या उपचारांवर विमा योजनेला शारीरिक आजारांपेक्षा कडक मर्यादा घालता येत नाहीत. भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा, 29 मे 2018 पासून लागू. त्याच्या कलम 21 मध्ये शारीरिक आजारांच्याच धर्तीवर मानसिक आजारांना विमा द्यावा, असं म्हटलंय. 'धर्तीवर' या शब्दात गोम आहे. तुमच्या पॉलिसीत मधुमेहाची ओपीडी भरून मिळत नसेल तर नैराश्याचीही मिळणार नाही.

बिल हातात आलं की काउंटरवरून हलण्याआधी वाचा. तारीख, रुग्णाचं पूर्ण नाव, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, प्रत्येक सत्राची वेगळी ओळ आणि निदान. निदानाच्या जागी बऱ्याचदा कोड असतो: आयसीडी-10 या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत एफ10 म्हणजे दारू, एफ11 म्हणजे ओपिऑइड, एफ32 म्हणजे नैराश्याचा झटका. नुसतं 'थेरपी पॅकेज' आणि खाली एक रक्कम असेल तर क्लेम अडकण्याची शक्यता मोठी. व्यसनाचा कोड बदलून दुसरं काहीतरी लिहा, अशी गळ डॉक्टरांना घालू नका. उघडकीला आलं तर क्लेम जातो आणि पॉलिसीवरही गदा येऊ शकते. पॉलिसी वडिलांच्या किंवा जोडीदाराच्या नावावर असेल तर कंपनीची पत्रं त्यांच्याकडे जातात, हेही लक्षात ठेवून ठरवा. क्लेम नाकारला तर कारण लेखी घ्या, डॉक्टरांचं पत्र जोडून फेरविचाराचा अर्ज करा. पहिल्या नकारालाच बरेच लोक फाइल कपाटात टाकतात.

दोन गोष्टी मात्र करू नका. सहा महिन्यांची फी एकदम आगाऊ भरू नका, रुग्ण दुसऱ्या आठवड्यात सोडून गेला तर परत मागताना नाकी नऊ येतात. आणि भारी व्याजाचं कर्ज काढू नका. वसुलीचा फोन हेच पुन्हा पिण्याचं निमित्त होतं. फीची रोकड रुग्णाच्या हाती देण्याऐवजी थेट दवाखान्यात भरावी, आणि हे त्याला आधी सांगूनच करावं.

पायरी सातवी: मधेच घसरला, किंवा पैसे संपत आले

पुन्हा प्याला की रुग्ण पहिली गोष्ट करतो ती म्हणजे पुढची भेट चुकवतो. तीच भेट सगळ्यांत महत्त्वाची. फोन करून वेळ आधीची मागा. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनचे डोस काही दिवस चुकले असतील तर उरलेल्या जुन्या डोसने स्वतःहून पुन्हा सुरू करू नका.

पैसे संपत आले तर शेवटची स्ट्रिप संपायच्या दोन आठवडे आधी डॉक्टरांना सांगा. तेव्हा पर्याय असतात: भेटी लांबवता येतात, महाग ब्रँड बदलता येतो, समुपदेशन वैयक्तिकऐवजी गटात घेता येतं, सरकारी ओपीडीच्या नावे संदर्भपत्र देता येतं. कात्री लावायचीच झाली तर ती कुठे लावायची ते डॉक्टरांना ठरवू द्या. घरच्या घरी लोक आधी गोळ्या निम्म्या करतात आणि फिट टाळायची किंवा मूड स्थिर ठेवायची गोळी त्यात पहिली जाते. जागा बदलताना निदान, चालू डोस, शेवटच्या चाचण्या आणि कुठल्या औषधाचा त्रास झाला, एवढं एका पानावर लिहून घ्या. नव्या ठिकाणी पुन्हा सगळ्या तपासण्या करायचा खर्च वाचतो, आणि नवे डॉक्टर पहिल्याच दिवशी औषध चालू ठेवू शकतात.